फ्रीजवरची वही

सुट्टी लागते मुलांना आणि संपते ती आईची, असं आम्रपालीचं ठाम मत होतं. चाकणच्या कंपनीत डबे उघडले असताना तिनं ते लाइनवरच्या बायकांना ऐकवलं, तेव्हा कुणी वाद घातला नाही. घरोघरी मातीच्या चुली. सोमवारी, पंधरा जूनला, शाळा उघडणार होती. शनिवारी सासरे साहेबराव दोन्ही नातवंडांना अंबडहून एसटीनं घेऊन पिंपरीजवळच्या चिखलीला आले, चहा प्यायले, "घ्या, सांभाळा आपापला माल," म्हणाले आणि संध्याकाळच्या गाडीनं माघारीही गेले. पिंपरीच्या कारखान्यात तेहतीस वर्षं काढलेला हा माणूस, पण निवृत्त होऊन गावी राहायला गेल्यापासून शहरात त्यांना एक रात्र काढवत नव्हती.

माल दोन नग होता. थोरली अंजली, आता सातवीत जाणारी. सात आठवड्यांत दोन बोटं उंच झाली होती आणि बोलण्यात तेवढीच कमी. धाकटा सोनू, शाळेतलं नाव बुद्धरत्न, तिसरीत. तो उन्हानं काळाठिक्कर पडून आला होता आणि दर वाक्याला "आज्जीकडं ना" अशी फोडणी देत होता. आज्जीकडं ना, दही विकत आणत नाहीत. आज्जीकडं ना, कुत्रं पण भाकरी खातं. आम्रपालीनं दोघांना पोटाशी धरलं, आंघोळीला पिटाळलं आणि पिशव्यांतले मळके कपडे मशीनमध्ये कोंबता कोंबता तिला जाणवलं, की आपल्याला आनंद झालाय खरा, पण त्यात काहीतरी खुपतंय.

काय खुपतंय ते तिला पक्कं ठाऊक होतं, फक्त बोलायची चोरी होती. ते कळायला तिचं घर कसं चालायचं ते आधी सांगायला हवं.

घर शिफ्टवर चालायचं. नवरा प्रितम आणि ती, दोघंही चाकणला, पण वेगवेगळ्या कंपन्यांत. एका आठवड्यात तो फर्स्टला तर ती सेकंडला, पुढच्या आठवड्यात उलट. सुपरवायझर लोकांच्या विनवण्या करून दोघांनी हे जमवून आणलं होतं, म्हणजे मुलांजवळ आई नाहीतर बाप, कुणीतरी एक असणार. फर्स्टवाला पहाटे बस धरायचा आणि सव्वाचारला परत यायचा. सेकंडवाला दुपारी दोनला निघायचा आणि परत येईपर्यंत घरातला दुसरा झोपेत असायचा. मधले दोन सव्वादोन तास शाळेतून आलेली मुलं खालच्या मजल्यावरच्या कुसुमताईंच्या भरवशावर. कुसुमताई बार्शीकडच्या, मनानं मोकळ्या. एक डोळा मुलांवर ठेवायच्या आणि दुसरा टीव्हीवरच्या मालिकेवर. रविवार दोघांना सुट्टीचा, पण तो दळणात, कपड्यांत आणि आठवड्याची राहिलेली झोप भरून काढण्यात जायचा.

अशा घरात नवरा-बायकोनं बोलायचं कधी? मोबाईल दोन्ही कंपन्यांत गेटवर जमा. तेव्हा प्रितमनं कंपनीतलीच पद्धत घरात आणली. मशीन सोडताना जाणारा माणूस येणाऱ्यासाठी रजिस्टरमध्ये लिहून ठेवतो, काय बिघडलं, काय बदललं, कशाकडे लक्ष द्यायचं. तशी एक लांबट वही त्यानं फ्रीजवर ठेवली आणि पेन पळवलं जाऊ नये म्हणून दोऱ्यानं बांधलं. "सोनूला ताप. एक वाजता औषध दिलं." "गॅसचा नंबर लावला." "अंजलीच्या बाईंनी गुरुवारी बोलावलंय." गेली सहा वर्षं हे चालू होतं. इतरांचे संसार तोंडी चालतात, यांचा लेखी चालला होता.

पण गेल्या दोन वर्षांत त्या वहीत अधूनमधून एक जास्तीची ओळ दिसू लागली होती. कामाच्या चार गोष्टी झाल्या, की खाली प्रितमच्या त्या उजवीकडे कललेल्या, ठसठशीत अक्षरात: "दमली असशील. आधी चहा घे, मग पसारा आवर." किंवा: "खांदा दुखत असेल तर भांडी राहू दे." एकदा तर चक्क: "निळ्या ओढणीत चांगली दिसतेस." त्यानंतरचा सगळा आठवडा आम्रपाली निळी ओढणी घेऊन कंपनीत गेली. बायकांनी विचारलं, "काय गं, दुसरी नाही का?" तिनं सांगितलं, "वाळल्या नाहीत."

त्याबद्दल ती प्रितमला कधी काही बोलली नाही. असलं बोलून दाखवलं की विरून जातं, अशी तिची समजूत. तिच्या आईनं सगळा जन्म नवऱ्याच्या तोंडून एक गोड शब्द न ऐकता काढला होता. आपल्याला निदान लेखी मिळतोय, हे आम्रपालीला पुष्कळ वाटायचं. फर्स्ट शिफ्टहून घरी आली की चप्पल काढायच्या आधी तिची नजर फ्रीजवर जायची.

यंदा सोनूही कळता झाला म्हणून दोन्ही मुलं सबंध सुट्टी आजी-आजोबांकडे गेली. प्रितमनं जयसिंग नावाच्या सोबत्याशी शिफ्ट बदलून घेतली आणि मुलं झाल्यापासून पहिल्यांदाच नवरा-बायको सलग सात आठवडे एका शिफ्टला आले. रोज एकत्र चहा, एकत्र जेवण. वही फ्रीजवर धूळ खात पडली. आम्रपालीनं मनाशी हिशोब बांधला होता: जो माणूस वहीत इतकं गोड लिहितो, तो समोरासमोर आल्यावर काय काय बोलेल!

तो म्हणाला, "आज बस वेळेवर आली." तो म्हणाला, "लाइट गेली होती वाटतं." तो म्हणाला, "लोणचं दे." ती चार दिवस ओळीनं निळी ओढणी घेऊन त्याच्याबरोबर बसस्टॉपपर्यंत चालली. चौथ्या दिवशी त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं, आणि म्हणाला, "पट्टा तुटायला आलाय बघ चपलेचा."

माणूस वाईट नव्हता. पाण्याचे कॅन तोच वर आणायचा, कुकर तोच लावायचा, पगारातला पैसा इकडचा तिकडे करत नव्हता. पण तोंड म्हणजे कुलूपबंद. शेवटी आम्रपालीनं निकाल लावला, की काही माणसांना लिहितानाच सुचतं, आणि गंमत म्हणजे ती शाळा उघडायची वाट पाहू लागली. शाळा उघडली की उलट्या शिफ्टा. उलट्या शिफ्टा म्हणजे वही. आणि वहीत तो पुन्हा बोलणार. नवरा समोर जेवत असताना नवऱ्याच्या अक्षराची वाट बघणारी बाई अख्ख्या चिखलीत तीच असेल. एकत्र जेवणं संपणार याचं तिला वाईट वाटत होतं आणि वही सुरू होणार याचं बरं वाटत होतं. तेच खुपत होतं.

रविवारी बुद्धवंदना झाली, नाष्टा झाला. प्रितम दळण घेऊन गिरणीत गेला आणि ती मुलांना घेऊन वह्या-पुस्तकांना खाकी कव्हरं घालायला बसली. एक लांबट नवी वही तिनं मुद्दाम आणली होती, कारण फ्रीजवरच्या वहीची पानं संपत आली होती. तिलाही तिनं कव्हर घातलं.

अंजली लेबलांवर नावं घालत होती. हात न थांबवता तिनं विचारलं, "आई, यावर्षीपण ती वही लिहायचीच का?"

"मग? आमच्या शिफ्टा काय बदलल्यात का?"

"आम्ही मोठे झालोय आता. तुम्ही दोघं एकाच शिफ्टला जा ना. आम्ही राहतो, कुसुमआजी आहेतच."

"हो, आणि याला कोण आवरणार?" आम्रपालीनं सोनूकडे बोट केलं. सोनू डिंकाची बोटं चड्डीला पुसत होता. त्याला आपलं लेबल पसंत नव्हतं.

"ताई, माझं पप्पांच्या अक्षरात काढ ना," तो म्हणाला. "ते भारी दिसतं. वहीत काढतेस तसलं."

अंजलीचा हात थांबला. आम्रपालीनं आधी हसून घेतलं, आणि मग तिचं हसू जागच्या जागी राहिलं. तिनं सोनूला कुसुमताईंकडून कात्री आणायला खाली धाडलं. घरात कात्र्या दोन होत्या.

"काढून दाखव," ती म्हणाली.

अंजलीनं कोऱ्या लेबलावर 'बुद्धरत्न' लिहिलं. उजवीकडे कललेलं, ठसठशीत. प्रितमनं स्वतः लिहिलं असतं तर याहून वेगळं आलं नसतं.

"कधीपासून?"

"पाचवीपासून." अंजली खाली बघून बोलत होती. "सोनू जिन्यात पडला होता ना, तेव्हापासून. तुम्ही दोघं वहीत भांडत होता."

आम्रपालीला आठवलं. सोनूच्या कपाळाला टाके पडले होते आणि "माझ्या शिफ्टला पडला नाही" असं दोघांनीही एकमेकांना लिहून कळवलं होतं. मग बारा दिवस वहीत नुसतं "दूध आहे", "दूध नाही" एवढंच.

"मग मी एकदा तू यायच्या आधी पप्पांच्या अक्षरात लिहिलं, माझं चुकलं, चहा घेऊन पड जरा. दुसऱ्या दिवशी तू पप्पांसाठी शेंगदाण्याच्या पोळ्या केल्यास. म्हणून मग चालू ठेवलं. रोज नाही, आठवड्यातून दोनदा."

"आणि माझ्या अक्षरात?"

"तेपण. ज्या आठवड्यात तू सेकंडला असायचीस तेव्हा पप्पांसाठी. नाहीतर एकट्या पप्पांचंच झालं असतं ना." मग ती म्हणाली, "तुझं अक्षर अवघड आहे."

आम्रपालीला आधी राग आला. चांगला सणसणीत आला. दोन वर्षं आपल्याला कुणी बनवलं, तेही पोटच्या पोरीनं, आणि ती निळी ओढणी, ती लाज! मग तिनं अंजलीकडे पाहिलं आणि रागाची जागा शरमेनं घेतली. घरात दोनच शिफ्टा आहेत असं ती धरून चालली होती. दोन ते चारच्या मधल्या वेळात, कुसुमताईंची मालिका चालू असताना, ही पोरगी तिसरी शिफ्ट करत होती आणि कुणाला पत्ता नव्हता.

"गावाला मला वाटलं, आता दोघं एकत्र आहेत, बोलत असतील," अंजली म्हणाली. "काल आल्यावर बघितलं. जेवताना तुम्ही फक्त लोणचं मागता." तिचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता. "यावर्षी मला नको आई. मला सुचतच नाही आता काही. मला यातून सुट्टी दे."

"दिली," आम्रपाली म्हणाली. तिनं अंजलीचं डोकं छातीशी घट्ट धरलं. तेवढ्यात सोनू कात्री घेऊन आला आणि आपलं लेबल बघून खूश झाला.

संध्याकाळी गच्चीवर कपडे काढायला ती गेली तेव्हा प्रितमही बादली घेऊन मागोमाग आला. समोर चिखलीच्या इमारती आणि पत्र्याची वर्कशॉपं पार लांबपर्यंत पसरली होती, रविवार असूनही कुठंतरी ग्राइंडर चालू होता. आता नाही विचारलं तर कधीच नाही, असं तिला वाटलं.

"अहो, वहीत मी कधीकधी खाली लिहायचे ना, कामाचं सोडून... ते तुम्हाला आवडायचं का?"

प्रितमनं दोरीवरची चादर काढली, झटकली. "एक ओळ फाडून आयकार्डच्या कव्हरात ठेवलीय," तो म्हणाला.

"कोणती?"

"'तुम्ही घरी असता म्हणून मला काळजी नसते.'"

ओळ शंभर टक्के खरी होती. सहा वर्षं ती याच भरवशावर बसमध्ये पाय ठेवत होती. फक्त तिनं ती कधी लिहिली नव्हती.

"ती मी नाही लिहिली," ती म्हणाली. "अंजलीनं लिहिली. माझ्या अक्षरात. आणि तुमच्या अक्षरात मला."

तिनं सगळं सांगितलं, जिन्यापासून लेबलापर्यंत. प्रितम चादरीची घडी घालत राहिला, मग मोडून पुन्हा घालत राहिला. "म्हणजे दोघांच्याही शिफ्टा तिनंच मारल्या म्हण," तो शेवटी म्हणाला. बादली उचलून तो खाली गेला.

बस, एवढंच. ती दोरीपाशी उभी राहिली. तिला वाटलं होतं, तो म्हणेल, मला लिहिता येत नाही पण मनात असतं. किंवा म्हणेल, अक्षर तिचं, पण बोलणं माझंच समज. त्यातलं काही तो म्हणाला नाही. मग दोन वर्षं जे मिळालं ते सगळंच एका पोरीनं रचलेलं, आणि त्याच्यामागे नवरा असा कुणी नव्हताच का? हा प्रश्न तिला टोचत राहिला. रात्रीच्या जेवणात प्रितमनं लोणचंही मागितलं नाही.

सोमवारी ती फर्स्टला होती. साडेचारला उठून तिनं वांग्याची भाजी केली, डबे भरले, दोघांचे गणवेश खुर्चीवर काढून ठेवले. झोपलेल्या मुलांच्या कपाळावरून हात फिरवला. प्रितम भिंतीकडे तोंड करून झोपला होता. मुलांच्या शाळेचा पहिला दिवस आणि त्यांचे केस विंचरायला आपण नाही, हे दर दोन वर्षांनी एकदा व्हायचंच. तरी बसमध्ये तिला ते लागलं. दिवसभर पार्ट तपासताना ती घड्याळ बघत होती. डबा तिनं उघडलाच नाही, भूकच नव्हती.

सव्वाचारला ती घरी आली. अंजली खिडकीशी वाचत बसली होती, सोनू कुसुमताईंच्या मांडीवर डोकं टाकून शाळेतला पहिला मार कुणी खाल्ला ते सांगत होता. फ्रीजवर नवी वही होती. आम्रपालीनं चपला काढल्या, हातपाय धुतले, पाणी प्यायली. आज घाई नव्हती, कारण आता काही असायचं कारण नव्हतं. मग तिनं वही घेतली.

"सोनू रडला नाही. अंजलीला नवीन बाई आहेत, चांगल्या वाटल्या. सोनूची पाण्याची बाटली गळते, बदल." हे वरती. त्याखाली एक ओळ लिहून खोडलेली. आणखी एक, तीही खोडलेली. तिसरी इतकी गिरवून खोडलेली, की कागद फाटला होता. आणि त्याखाली:

"भाजीत मीठ फार पडलंय. मुलांनी दही घालून खाल्ली, मी तशीच खाल्ली. मी सेकंडला असतो तेव्हा तू साडेचारला उठतेस. मी जागा असतो. उठून काहीतरी बोलावं वाटतं. काय बोलावं ते सुचत नाही म्हणून भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. आज वही घेऊन अर्धा तास बसलो, बस चुकता चुकता राहिली. आयकार्डातली ओळ काढलेली नाही."

आम्रपालीनं मान वर केली. अंजली तिच्याकडेच बघत होती.

"मी नाही," अंजली घाईनं म्हणाली. "शप्पत आई, मी वहीला हातपण नाही लावला. कुसुमआजीला विचार."

"न्हाई गं बाय," कुसुमताई म्हणाल्या. "पोरगी शाळंतनं आल्यापास्नं तितंच बसलीया. पर तुजा नवरा जाताना काय त्या वहीत डोस्कं खुपसून बसला व्हता! म्या म्हटलं, परीक्षा हाय का काय ह्येची."

विचारायची गरजच नव्हती. अंजलीच्या ओळींत कधी खाडाखोड नसायची, आणि आईची भाजी खारट झाली असं तिनं जन्मात लिहिलं नसतं. आम्रपालीनं ओट्यावरची कढई उघडून बोटानं भाजी चाखली. खरोखर तोंडात धरवत नव्हती. ती हसायला लागली आणि हसता हसता तिला डोळे पुसावे लागले, तेव्हा सोनू उठून बसला आणि "आईला काय झालं?" म्हणून ताईला विचारू लागला.

"काही नाही," अंजली म्हणाली आणि पुस्तकात डोकं घातलं.

आम्रपालीनं चहा ठेवला, कुसुमताईंना कप दिला. मग पर्समधून मोबाईल काढला आणि उद्याचा साडेचारचा गजर सव्वाचारचा केला.